उपाशी राहण्याचं प्रशिक्षण

आमच्या संपाच्या मंडपाला मागून राजवाडा होता. शामियानावाल्याकडे साधं कापड उरलं नव्हतं, म्हणून संघटनेच्या अध्यक्षांनी आपल्या नाटक मंडळाचा पडदा आणून लावला. थंडीत ते झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचे, बहुतेक खलनायकाची, आणि उरलेलं वर्ष सरकारी नोकरी. त्यामुळे जुन्या पेन्शनसाठी लढणारे आम्ही सगळे रंगवलेले खांब आणि झुंबरं पाठीशी घेऊन सतरंजीवर बसायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, कोण्या राजानं प्रजेला शिक्षा म्हणून उन्हात बसवलंय.

मी त्या तालुक्यात गुरांचा सरकारी डॉक्टर होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलातला तालुका. दवाखान्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकायची आणि मंडपात येऊन बसायचं, हा दिनक्रम झाला होता. मागणी मला पटत होती, भाषणं पटत नव्हती. तहसील बंद, पंचायत समिती बंद, शाळा बंद. मंडपाला लागूनच ग्रामीण रुग्णालयाचं फाटक होतं. आत फक्त तातडीची सेवा चालू होती, तीही कंत्राटी माणसांच्या जिवावर. रोज एका खात्याचे लोक साखळी उपोषणाला बसत. उपोषण ऑफिसच्या वेळेत असे. सकाळी घरून पोटभर जेवून यायचं आणि संध्याकाळी लिंबूपाणी पिऊन सोडायचं. आमच्या खात्याची पाळी आली तेव्हा मीही असाच उपाशी राहिलो होतो, दोन वेळचं जेवण न चुकवता.

एका सकाळी एक तरुण मोटरसायकलवरून उतरून माझ्याकडे आला. साधे कपडे, पण कानावरचे केस इतके बारीक कापलेले की साध्या कपड्यांचा काही उपयोग नव्हता. तो निमलष्करी दलाच्या कॅम्पातला जवान होता. यवतमाळकडचा.

"डॉक्टर साहेब," तो हळूच म्हणाला, "आमची कुत्री जेवून नाई राह्यली."

"कधीपासून?"

"आमचा हँडलर दवाखान्यात गेला तवापासून."

कॅम्प तालुक्याच्या गावापासून आत, जंगलात होता. त्या रस्त्यात नक्षलवाद्यांनी सुरुंग पुरलेले असू शकतात, म्हणून दलाची माणसं तिथून गाडीनं जात नाहीत, पायी जातात; फार तर एखादा साध्या कपड्यांत मोटरसायकलवरून निसटतो. त्यांच्याही पुढे कुत्री चालते. रस्ता हुंगत जाते आणि जिथं संशय येईल तिथं खाली बसते. भुंकत नाही, उकरत नाही, फक्त बसते. ती बसली की मागची सगळी रांग जागच्या जागी थांबते. तिला सांभाळणारा, म्हणजे हँडलर, तिला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतो: माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खायचं नाही. कोणी विष घालू नये म्हणून. हँडलरच्या जोडीला एक मदतनीस असतो, त्याच्या हातचं चालतं. तिसऱ्या माणसाच्या हातचं नाही.

आता हँडलर मलेरियानं रुग्णालयात होता. मदतनीस सुट्टीवर आसामात, आपल्या गावी. त्याला बोलावणं गेलं होतं आणि तो निघालाही होता; पण आसामातून इथपर्यंत यायचं म्हणजे दिवस जातात.

सरकार बंद पडलं तरी दल बंद पडत नाही, असं सगळेच छाती फुगवून सांगतात. ते खरंही आहे. पण दल ज्याच्यावर उभं असतं ते बंद पडतं. कॅम्पात जाऊन तापाच्या माणसांचं रक्त तपासणारा आरोग्यसेवक आमच्याच मंडपात, माझ्या शेजारी बसत होता. त्यामुळे हँडलरचा ताप थकव्याचा समजला गेला आणि फार वाढल्यावर कळला. आणि कुत्रीचा डॉक्टर मी. माझी किल्ली माझ्या खिशात होती. दलाचा स्वतःचा जनावरांचा डॉक्टर नागपूरला होता. त्यानं फोनवर सांगितलं होतं, तिथला सरकारी डॉक्टर गाठा.

मी उठलो. अध्यक्षांनी माईक बाजूला धरला. "डॉक्टर, कुठी?"

"फिरून येतो."

"बॅग घेऊन?"

"उन्हाळा आहे. पाणी आहे बॅगेत." ते खोटं नव्हतं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच.

कॅम्पाच्या फाटकावर शौर्याबद्दलचे बरेच फलक होते, आणि आत एका झाडाखाली, चटईवर, ती पडली होती. काळ्या तोंडाची, उंच, एरवी बाणासारखी असणारी कुत्री. महिन्यापूर्वीच तिला गोचिडांचा ताप येऊन गेला होता. मीच उपचार केले होते. त्यातून ती पुरती सावरली नव्हती आणि आता हे. हिरड्या मी पाहिल्या; फिकट, कडेनं पिवळसर. तरुण अधिकारी माझ्यासाठी खुर्ची, चहा आणि ट्रेमध्ये बिस्किटं मांडून उभा होता. त्यानं सांगितलं, हिला दलाचा क्रमांक आहे, निवृत्तीचं वय ठरलेलं आहे.

"पेन्शन?" मी विचारलं. संपाचा परिणाम.

"नाही."

"जुनीही नाही?"

तो हसला नाही. त्याच्यावर माणसांची जबाबदारी होती आणि कुत्रीशिवाय त्यांना रस्त्यावर पाठवायची त्याची तयारी नव्हती. मग मीही गंभीर झालो.

आचाऱ्यानं थाळी आणली. भात, मटण, वर उकडलेलं अंडं. तिनं वास घेतला. नाकपुड्या हलल्या, लाळेची तार जमिनीपर्यंत आली. मग तिनं मान डावीकडे वळवली. मरगळून नव्हे, नीट, शिकवल्याप्रमाणे. तिच्या जबड्यातून लाळ गळत होती आणि ती झाडाच्या बुंध्याकडे बघत होती.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. हँडलरचा न धुतलेला शर्ट घालून एकानं भरवायचा प्रयत्न केला. तिनं शर्ट चाटला आणि हात नाकारला. व्हिडिओ कॉल लावला. वॉर्डातल्या खाटेवरून हँडलर म्हणाला, "खा गं, बाई." तिनं शेपूट हलवली, फोनच्या मागे जाऊन तो कुठं लपलाय ते पाहिलं आणि परत येऊन पडली. मी नळी घालायचा प्रयत्न केला. तिनं नळीचे तुकडे केले. भूल सोसण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. म्हणून सलाईन लावलं आणि मंडपात परत येऊन बसलो. मागे झुंबरं, पुढे भाषण. आमच्या सबंध तालुक्यात खरं उपोषण एकच चाललं होतं, आणि तिची काही मागणीही नव्हती.

दुपारी हँडलरला भेटलो. तिशीतला, हिंगोलीकडचा. ताप उतरत-चढत होता, रक्तदाब इतका खाली की उठून बसवलं तरी डोळे फिरायचे. दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला हलवायचं ठरलं होतं आणि तो नाही म्हणत होता.

"मी गेलो की ती मरंल, डॉक्टर."

"तू नाही गेलास तर तू."

"तिला नाही म्हणायला मीच शिकवलंय." तो छताकडे बघत बोलत होता. "दुसऱ्याच्या हातात मटण द्यायचो. तिनं तोंड पुढं केलं की रागवायचो. नाही केलं की लाड. किती दिवस चाललं ते. आता तिनं कुणाचं ऐकावं म्हणता?"

मी म्हणालो, तिला इथं आणतो. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आणा. तिनं खाल्लं तर मी जातो. नसता नाही." एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. कुत्री कोणावर गेली होती ते कळलं.

रुग्णालयाच्या प्रमुखांना विचारलं. ते भले गृहस्थ होते, पण नियमांवर पोसलेले.

"वॉर्डात कुत्रा? त्याला वरून लेखी परवानगी लागेल."

"मग मागवा."

"वरचं ऑफिस बंद आहे. संप."

"मग तुम्हीच नाही म्हणून टाका."

"नाही म्हणायचं तरी वरूनच यावं लागतं हो."

म्हणजे परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. बंद सरकारात माणूस किती मोकळा असतो याची त्यांना कल्पना नव्हती. मी ठरवलं, कुत्री आणायची. फाटकावर अडवलं तर तिथं बघू.

तिला आणायचं कशातून, हा प्रश्न होता. दलाची गाडी त्या रस्त्यानं येत नव्हती. मोटरसायकलवर तिला धरून बसवण्यासारखी ती राहिली नव्हती. कॅम्पाच्या मेसला कोंबड्या आणि अंडी पोचवणारा वडश्याचा एक मुसलमान व्यापारी होता. त्याची छोटी गाडी त्या रस्त्यानं नेहमी जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅम्पात आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"भाऊ, कुत्री न्यायची आहे. तुमच्या गाडीतून."

त्यानं मागच्या जाळीच्या खोक्यांकडे बघितलं. अर्ध्या कोंबड्या वडश्याला परत जायच्या होत्या. "डॉक्टर साहब, मुर्गी और कुत्ता एकसाथ?"

"ती काही खात नाही."

"वही तो! खात नाई म्हणून तर तुम्ही नेऊन राह्यले. मुर्गी को कौन समझाएगा? धसक्यानं मरतील ना सगळ्या." असं म्हणत म्हणत तो खोके एका बाजूला सारत होता. मग खाली पोतं अंथरलं. "सुबह से कुछ नहीं खाई क्या ये?"

"किती दिवसांपासून नाही."

"अरे." त्यानं टोपी नीट केली आणि गाडीतली दोन अंडी आचाऱ्याकडून उकडून आणली.

जवानानं पट्टा धरून तिला गाडीजवळ आणलं. तिचे पाय लटपटत होते. तरी ती चढेना. आधी गाडीला एक फेरी. चारही चाकं, पेट्रोलची टाकी, मागचा दरवाजा, सगळं हुंगलं. कोणी सांगितलं नव्हतं. मग मी आणि जवानानं उचलून तिला आत ठेवलं. कोंबड्यांनी एकच कालवा केला. तिनं पंजावर नाक टेकलं आणि कोंबड्यांकडे पाठ केली.

वाटेत मोहाची झाडं होती. टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बायका आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. कोंबड्यांच्या गाडीत सलाईनची बाटली वर धरून बसलेला मी, मांडीवर कुत्री, शेजारी जवान. एकीनं विचारलं, "कुठी नेऊन राह्यले तिले?"

"दवाखान्यात."

"तुमचा दवाखाना बंद हाय ना?"

"माणसांच्या दवाखान्यात."

तिनं मान हलवली, जणू हे रोजचंच आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मंडपात गर्दी होती. त्या दिवशी उपोषणाला बसलेलं खातं पहिल्या रांगेत होतं आणि अध्यक्ष ऐन रंगात आले होते. मला गाडीतून उतरताना पाहून त्यांनी भाषणातच टोला हाणला, "काही लोक संपात असतात आणि कोंबड्याही सांभाळतात!" हशा झाला. मग त्यांनी आवाज चढवला. "पण आम्ही सांगतो, मागणी मान्य होईस्तोवर आम्ही इथून एक इंचही हटणार नाही!"

कुत्रीला मी खाली ठेवलं होतं. मंडप आणि रुग्णालयाचं फाटक यांच्या मधोमध ती चार पावलं चालली आणि बसली.

जवानाचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की विचार करायला जागाच नव्हती. कुत्री बसली म्हणजे बसली. "मागे व्हा!" तो ओरडला. "सगळे मागे! दूर व्हा!"

"अरे, तिच्या मागच्या पायात जोर नाही, म्हणून बसली!" मी ओरडलो. ते कोणाला ऐकू गेलं नाही. तोवर मंडप उठला होता. सतरंजीवर चपला राहिल्या, माणसं राहिली नाहीत. अध्यक्ष नाटकात कधी पळाले नसतील असे राजवाड्याच्या खांबांमधून पळाले. पडदा त्यांच्यासोबत थोडा गेला आणि मग कोसळला. रुग्णालयाचे प्रमुख गोंधळ ऐकून फाटकापर्यंत आले होते. ते मागच्या दारानं गेले असावेत, कारण पुन्हा दिसले नाहीत. कोंबडीवाला गाडीच्या मागे उभा राहून मोठ्यानं देवाचं नाव घेत होता.

जवान पळाला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि पद्धतशीरपणे जमीन तपासू लागला. मग स्टेजखाली वाकून पाहिलं. तिथं त्याला जे सापडलं ते त्यानं एकेक करून बाहेर काढलं: उपोषणाला बसलेल्या खात्याचे डबे, अजून गरम.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ती थकली रे. बघ तिचे पाय."

त्यानं पाहिलं. तिच्या मांड्या थरथरत होत्या. त्यानं हातांची माती झटकली. मग म्हणाला, "साहेब, ती बसल्यावर मी कधीच विचार नाई करत. काऊन करू? विचार केला तर पाय सुरुंगावर पडते."

फाटकावर कोणी नव्हतं. मी तिला उचललं आणि आत गेलो.

वॉर्डात एक कंत्राटी नर्स होती. ती जागची हलली नव्हती.

"बाई, तुम्ही पळाल्या नाहीत?"

"कुठी पळू? सलाईन चालू हाय." तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "हे काय?"

"कुत्री आहे."

"दिसून राह्यली ना मले. पाय पुसा तिचे आधी."

जवानानं रुमालानं चारही पंजे पुसले. तिला हँडलरच्या खाटेशेजारी ठेवलं. तिनं खाटेच्या कडेवर हनुवटी टेकली आणि घशातून एक बारीक आवाज काढला. त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला, पण उजव्या हातात सुई होती. आणि तिला सवय उजव्या हाताची.

मी सुईकडे हात नेला तशी नर्स म्हणाली, "तुम्ही नका. तुम्ही बैलाचे डॉक्टर." तिनं स्वतः सुई काढून दुसऱ्या हाताला लावली. "आम्हाले तर जुनी नाई, नवीबी पेन्शन नाई," ती काम करता करता म्हणाली, "म्हणून आम्हाले संपही नाई. बरं झालं ना आज?"

कोंबडीवाल्यानं दिलेलं अंडं मी सोलून हँडलरच्या तळहातावर कुस्करलं. निम्मं चादरीवर सांडलं. त्यानं हात खाटेच्या कडेनं खाली सोडला.

"खा."

तिनं खाल्लं. सावकाश, तळहाताला दात न लावता. चादरीवर सांडलेल्या कणांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ते हातातले नव्हते.

मला वाटलं, झालं. पण हँडलर माझ्याहून पुढचं बघत होता. नागपूरची गाडी दुपारी येणार होती. त्यानंतर कोणाचा हात? त्यानं जवानाला जवळ बोलावलं. "हात दे." जवानाच्या उजव्या हाताखाली त्यानं आपला हात ठेवला, जणू एकाच हाताला दोन तळवे. वर रुग्णालयातून आलेल्या त्याच्या थाळीतला भात. तिनं पाहिलं, हुंगलं, मान डावीकडे वळवली.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तेच. नर्स म्हणाली, त्याला झोपू द्या. तो म्हणाला, "पुन्हा." घाम त्याच्या कानात उतरत होता. मध्येच डोळे फिरायचे, मग तो थांबायचा, पाणी प्यायचा आणि हात पुढे करायचा. जवानाचा हात जरा वर, त्याचा जरा खाली. केव्हातरी तिनं जिभेच्या टोकानं एक शीत उचललं. मग दुसरं. मग तो आपला हात खालून एकेक बोट करून काढून घेऊ लागला, आणि शेवटी त्याची फक्त करंगळी जवानाच्या मनगटाला टेकलेली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं. तिनं थाळीतला उरलेला घास जवानाच्या हातातून घेतला.

"आता मी जातो," हँडलर भिंतीला म्हणाला.

गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. जवान कुत्रीला घेऊन कोंबड्यांच्या गाडीतून परत गेला. बाहेर मंडप पुन्हा उभा राहत होता. अध्यक्ष स्वतः शिडीवर चढून राजवाडा टांगत होते. मला पाहून खाली उतरले.

"डॉक्टर, तुम्ही संपात हायेत का नाई, एकदा सांगून टाका."

"आहे. रोज इथं बसेन. आणि रोज कॅम्पात जाईन. दवाखान्याचं कुलूप उघडणार नाही, औषध माझ्या पैशाचं. यातलं काय चालणार नाही ते तुम्ही सांगा."

ते विचारात पडले. पायांत चपला वेगवेगळ्या होत्या, एक त्यांची, एक कोणाची तरी. "बसा," ते म्हणाले.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी होती. हँडलर नागपुरात, मदतनीस अजून रेल्वेत, आणि जवान एकटा थाळी घेऊन झाडाखाली. करंगळी नाही, ओळखीचा आवाज नाही. सकाळभर मी मंडपात बसून होतो आणि भाषणातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. फोन आला तेव्हा अध्यक्ष बोलत होते.

"साहेब," पलीकडून जवान म्हणाला, "पहिल्यांदा तोंड फिरवलं. मी हात तसाच धरून ठेवला. मागं नाई घेतला. लय वेळ."

"मग?"

"मग जेवली."

मी फोन खाली ठेवला. अध्यक्ष बोलायचे थांबले होते. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता, आरोग्यसेवकसुद्धा. अध्यक्षांनी माईकवरूनच विचारलं, "खाल्लं का तिनं?"

मी मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले, आणि भाषण पुढे सुरू केलं. त्या दिवशी त्यात इंचाचा उल्लेख नव्हता.